ऐंशीची शिस्त

जयसिंगराव निकमांच्या घरात फोन हातात कमी आणि फळीवर जास्त असत. बैठकीच्या खोलीत दाराच्या डाव्या बाजूला त्यांनी स्वतः रंधा मारून एक फळी बसवली होती. तिच्यावर दोन चार्जर, खोलीचं तापमान दाखवणारं एक छोटं यंत्र, दोरीने बांधलेलं पेन आणि एक लांबुळकी वही. सकाळी सात वाजता दोन्ही फोन फळीवर यायचे, ऐंशी टक्के भरले की उतरायचे आणि वहीत नोंद व्हायची: तारीख, किती होता, किती झाला, किती वेळ लागला. फोन वीस टक्क्यांच्या खाली जाऊ द्यायचा नाही, ऐंशीच्या वर न्यायचा नाही, कव्हर काढल्याशिवाय लावायचा नाही, उन्हातून आल्या आल्या लावायचा नाही, आणि चार्जिंगवर असताना बोलायचं तर मुळीच नाही. बायकोचा वाढदिवस ते दोनदा विसरले होते. पण तिच्या फोनची बॅटरी कधी बसवली ते झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्यांनी तारखेसकट सांगितलं असतं.

माणूस वाईट होता असं नाही, सवयच तशी लागली होती. एकतीस वर्षं ते वीज उपकेंद्रात ऑपरेटर होते आणि त्यातली बावीस वर्षं तिथली बॅटरी रूम त्यांच्याकडे होती. बाहेरची वीज गेली तरी ब्रेकर चालावेत म्हणून उपकेंद्रात पंचावन्न सेलचा एक सेट कायम भरलेला ठेवावा लागे. रोज सकाळी प्रत्येक सेलमधलं पाणी बघायचं, हायड्रोमीटर बुडवून आम्लाची घनता मोजायची, वहीत लिहायची. इतर ठिकाणचे सेट दहा-बारा वर्षांत भंगारात जात; जयसिंगरावांचा एकोणीस वर्षं चालला. निरोप समारंभात साहेब त्यांच्याबद्दल चार वाक्यं बोलले, त्यातली तीन त्या सेटबद्दल होती. जयसिंगरावांना त्यात काहीच खटकलं नाही.

त्या सोमवारी सकाळी सात चाळीसला ते नेहमीप्रमाणे फळीपाशी आले. त्यांचा फोन ऐंशीवर थांबला होता. शेजारी त्यांच्या पत्नीचा, शैलजाबाईंचा फोन होता, आणि त्याच्यावर शंभर दिसत होते.

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मंगळवारी चार्जर अदलाबदल करून लावले. बुधवारी फोन बंद करून लावला. तिन्ही दिवस तेच. त्यांचा ऐंशी, तिचा शंभर, आणि तोही पूर्वीपेक्षा निम्म्या वेळात. गुरुवारी वहीत शंभरचा आकडा लिहून त्यांनी वही लगेच मिटली, कारण शंभरचा अर्थ एव्हाना कराडात पोरासोरांनाही माहीत झाला होता.

हे कसं झालं ते सांगायला हवं. लिथियमच्या बॅटरीत दोन पट्ट्या असतात आणि लिथियमचे कण एकीतून दुसरीत ये-जा करतात. बॅटरी शंभर टक्के भरली की एक पट्टी कणांनी ठासून भरते, दुसरी रिकामी पडते, आतला दाब वाढतो आणि मधलं द्रावण हळूहळू नासत जातं. तडस लागेपर्यंत जेवलेल्या माणसाला धड बसवत नाही, तशी तिची गत होते. अगदी रिकामी केली तरी तिचे हाल होतातच. म्हणून वीस ते ऐंशीच्या मध्ये ठेवलेली बॅटरी दुप्पट टिकते. हे पूर्वीही ठाऊक होतं, पण पाळायचे जयसिंगरावांसारखे मोजकेच लोक. मग जगभर लिथियमची ओढाताण सुरू झाली, आणि एका माणसाला दहा वर्षांत फोनची एकच बॅटरी असा नियम आला. तेव्हा कंपन्यांनी फोनमध्येच एक चिप बसवली. तिचं नाव ठेवलं ‘सोबत’.

‘सोबत’चं गणित साधं होतं. रोज ऐंशीवरच थांबायचं म्हणजे मालकाला रोज एक पंचमांश फोन कमी मिळतो. बॅटरी दहा वर्षं टिकवायची असेल तर हे ठीक. पण तेवढी टिकवायची गरजच नसेल तर माणसाचे हाल कशाला? म्हणून चिप अंदाज बांधायची की हा मालक आणि ही बॅटरी अजून किती दिवस एकत्र राहणार. त्यासाठी ती सगळं बघायची: हाताची थरथर, चालण्याचा वेग, जिना चढताना लागणारा दम, झोप, आवाज, कुणाशी किती बोलणं, कुठे जाणं-येणं, फोनमध्ये काय नवं ठेवलं, काय पुसून टाकलं. सोबत लांबची असेल तर फोन ऐंशीवर थांबे. सहा महिन्यांच्या आतली असेल तर जपण्यात अर्थ नाही, भरा शंभर. अंदाज डळमळला तर मधेच कुठेतरी. आतला अंदाज कंपनी कुणालाच दाखवत नसे. पण ऐंशी की शंभर, हे तर आंधळा सोडून कुणालाही दिसत होतं.

आधी शनिवार पेठेतले देशमाने आजोबा. त्यांचा फोन शंभर दाखवू लागला आणि चाळीस दिवसांत आजोबा गेले. मग शाळेतल्या एक बाई, वय छत्तीस, शिंकसुद्धा नाही. फोन शंभर झाला म्हणून घाबरून तपासणी केली तर पोटात गाठ निघाली. त्यानंतर गावाची रीतच बदलली. मुलगी बघायला आलेली मंडळी पोह्यांच्या बशा खाली ठेवायच्या आत ‘जरा फोन चार्जिंगला लावू का’ म्हणत मुलीचाच फोन लावून बघू लागली. विमा एजंट चार्जिंगचा फोटो मागू लागले. लोक चार्जिंगला लावलेला फोन पालथा घालून ठेवू लागले. जयसिंगराव या सगळ्याला हसत असत. ‘शेवटी कंपन्यांना अक्कल आली, फोन आपला आपण ऐंशीवर थांबतो’ एवढंच त्यांचं त्यावरचं मत होतं.

आता मात्र ते शैलजाबाईंचा फोन खिशात घालून थेट स्टँडजवळ सलीम बागवानच्या दुकानात गेले. बागवान वीस वर्षं फोन दुरुस्त करत होता. त्याने फोन जोडून पाहिला, मान हलवली.

“निकमकाका, फोन एकदम ठीक आहे. यात दुरुस्त करण्यासारखं काय नाही.”

“मग शंभर का?”

बागवानने आवाज खाली आणला. “हा काकूंचा ना?”

जयसिंगरावांनी होकारार्थी मान हलवली.

“हे बघा काका, चिप एवढंच सांगते, की हा मालक आणि ही बॅटरी आता फार दिवस बरोबर नाहीत. का नाहीत, ते तिला सांगता येत नाही. तुम्ही लगेच भलतंसलतं मनात आणू नका.”

“बदलायच्या सेटला कोणी जपत नाही, बागवान,” जयसिंगराव म्हणाले. उपकेंद्रात त्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं. नव्या सेटची ऑर्डर निघाली की जुन्यात कोणी पाणी घालायचं नाही, हवं तेवढं चार्जिंग मारायचे, घनता बघायला कुणी फिरकायचं नाही. जे जायचंच आहे त्याची कसली निगा? त्यांना सगळं समजलं होतं. निदान त्यांना तसं वाटलं.

शनिवारी ते शैलजाबाईंना दवाखान्यात घेऊन गेले.

“पण माझं दुखतंय काय?” त्या रिक्षात दोनदा म्हणाल्या.

“वय झालं की दर वर्षी बघून घ्यावं.”

“मग तुमचं नाही का झालं?”

रक्त, हृदय, पोट, सगळं पाहून डॉक्टर हसले. “काकूंची तब्येत तुमच्यापेक्षा ठणठणीत आहे, काका.” जयसिंगरावांनी अभ्यासू चेहरा करून मान डोलावली आणि त्यातलं एक अक्षर खरं मानलं नाही. डॉक्टर चुकतात, मीटर चुकत नाही, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव होता.

आणि आता बघायला लागल्यावर खुणा तर घरभर पडलेल्या होत्या. शैलजाबाईंनी आपल्या चांगल्या चार साड्या शेजारच्या वैशालीला देऊन टाकल्या. कपाटातले जुने फोटो काढून दोन गठ्ठे केले. एका दुपारी त्यांनी नवऱ्याला स्वयंपाकघरात उभं केलं आणि डबे दाखवले: हा तुरीचा, हा हरभऱ्याचा, हिंग या छोट्या डबीत, गॅसच्या टाकीची पावती इथे. “तुम्हाला माहीत असावं,” त्या म्हणाल्या. माणसाला आतून कळतं असं जयसिंगरावांनी ऐकलं होतं. ते ‘हो, हो’ म्हणत बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून रडले.

त्यानंतरचा महिना हा त्या घरातला सगळ्यात चांगला महिना होता, हे दोघांपैकी कुणीही नाकारलं नसतं.

पहिला बदल फळीपाशीच झाला. शैलजाबाईंचा फोन चार्जिंगवर असताना चिपळूणहून त्यांच्या बहिणीचा, उज्ज्वलाचा फोन आला. जयसिंगरावांनी वायर काढली आणि फोन स्वतः नेऊन बायकोच्या हातात दिला. “बोल निवांत.” शैलजाबाई फोन कानाला न लावता त्यांच्याकडेच बघत राहिल्या, पलीकडून उज्ज्वला हॅलो हॅलो करत होती.

मग ते चहा करायला शिकले. पहिल्या दिवशी पाणी आटवून काढा केला, चौथ्या दिवशी जमला. संध्याकाळी दोघं प्रीतिसंगमावर जाऊन बसू लागले. कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात तिथल्या घाटावर शेंगा खात एकदा त्यांनी विचारलं, “शैला, तुला काय करायला आवडलं असतं गं?”

“चौतीस वर्षांनी मुलाखत?” त्या हसल्या. मग पाण्याकडे बघून म्हणाल्या, “शिवण शिकवायला. लग्नाआधी मी सहा मुलींना शिकवत होते. तुम्हाला सांगितलं होतं.”

“मशीन काढू या माळ्यावरून. उद्याच तेल घालतो.”

त्यांनी खरंच घातलं. शैलजाबाई रविवारी वैशालीच्या मुलीला परकर बेतायला शिकवत होत्या आणि जयसिंगराव आत कांदा चिरत होते, असं दृश्य आळीने पाहिलं. इतकं सोपं होतं हे, त्यांना वाटे. एवढी वर्षं कुणी अडवलं होतं? आणि मग फळीवरचा तो शंभर आठवून ते ताट तसंच बाजूला सारत. रोज सकाळी देवाला हात जोडायच्या आधी ते फोनकडे बघत.

पाचव्या आठवड्यातल्या एका सकाळी फोन एक्क्याण्णववर थांबला.

त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी शहाऐंशी. तिसऱ्या दिवशीही शहाऐंशी. त्याच दुपारी शैलजाबाईंनी कपाटावरची निळी बॅग खाली काढली, तिच्यातले दोन स्वेटर आणि शाल काढून खणात परत ठेवली आणि बॅग रिकामी करून माळ्यावर टाकायला सांगितली. बॅग भरलेली का होती, हा प्रश्न जयसिंगरावांच्या डोक्यात आलाच नाही. त्यांचं सगळं लक्ष उद्याच्या आकड्याकडे होतं.

दुसऱ्या दिवशी सात वाजून पस्तीस मिनिटांनी फोन अठ्ठ्याहत्तरवर होता आणि त्याचा वेग मंदावला होता. ऐंशीला थांबण्याआधी फोन असाच मंदावतो, हे त्यांना पाठ होतं. संकट टळलं होतं. आपल्या सेवेने, आपल्या चहाने बायको मरणाच्या दारातून परत आली होती. त्यांना फळीपुढे नाचावंसं वाटत होतं, तेवढ्यात फोन वाजला. उज्ज्वलाच होती. शैलजाबाई हात पुसत आतून आल्या आणि त्यांनी फोनला हात घातला.

“थांब की दोन टक्के,” जयसिंगराव हसत म्हणाले आणि फोनवर तळवा ठेवला. “आता कसली घाई नाही.”

शैलजाबाईंचा हात तिथेच राहिला. फोन वाजून वाजून बंद पडला.

“आता नाही म्हणजे?” त्यांनी विचारलं. “आधी कसली घाई होती?”

आनंदाच्या भरात माणूस किती मूर्ख होतो! जयसिंगरावांनी सगळं सांगितलं. सोमवारचा शंभर, बागवान, दवाखान्यातलं खोटं, नळ सोडून रडणं. सांगताना त्यांचे डोळे भरून आले. ती आपल्या गळ्यात पडेल, अशी त्यांची कल्पना होती.

शैलजाबाई खुर्चीवर बसल्या. “म्हणजे हा चहा, तो घाट, ते मशीन... मी मरणार म्हणून?”

“अगं, जीव टांगणीला लागला होता माझा!”

“मला वाटलं, तुम्हाला माझी आठवण झाली.” त्यांनी फोन बाजूला सारला. “मी मरणार नव्हते. मी चिपळूणला उज्ज्वलाकडे राहायला चालले होते, कायमची. तिथल्या मुलींच्या वसतिगृहात शिवण शिकवायची जागा आहे. संक्रांत झाली की निघायचं ठरलं होतं. गौतमीलाही माहीत होतं.” गौतमी म्हणजे त्यांची मुलगी, हैदराबादला असते. “हा फोन इथेच ठेवून जाणार होते. त्याला ते कळलं असेल. तुम्हाला नाही कळलं.”

जयसिंगराव मनात एकेक खूण मोजू लागले. साड्या, फोटो, डबे, बॅग. सगळी रीडिंग बरोबर होती. त्यांनी ती भलत्याच सेलच्या नावावर लिहिली होती. भंगारात निघालेला सेट ते स्वतः होते.

“पण मग आता तर तू...” त्यांनी फोनकडे बोट दाखवलं. “कमी होत होता. म्हणजे तू थांबणार होतीस!”

“हो. बॅग तुम्हीच ठेवलीत ना माळ्यावर.”

“मग मी चुकलो कुठे? हे दोन टक्के? एवढ्याशा गोष्टीवरून?”

शैलजाबाई उठल्या. फळीखालच्या खणात जुन्या वह्या गठ्ठ्याने बांधून ठेवलेल्या होत्या. त्यातली एक त्यांनी न शोधताच काढली आणि पान उघडून त्यांच्यापुढे धरली.

तीन वर्षांपूर्वीची चौदा मार्च. त्यांच्याच नेटक्या अक्षरात लिहिलं होतं: सुरुवात ४१, शेवट ८०, वेळ ३६ मिनिटे. आणि शेऱ्याच्या रकान्यात: मध्ये तीन वेळा फोन वाजला. घेऊ दिला नाही. तापमान ठीक.

“तेव्हाही अठ्ठ्याहत्तर झाले होते,” शैलजाबाई म्हणाल्या. “मी म्हटलं, आईचं जास्त आहे, उज्ज्वलाचा असेल. तुम्ही म्हणालात, दोन टक्के राहिलेत, गरम फोनवर बोलू नये. आई तेव्हा शेवटची शुद्धीवर होती. उज्ज्वलाने फोन तिच्या कानाला लावून ठेवला होता.”

जयसिंगरावांना आठवत होतं ते एवढंच, की त्या मार्चमध्ये तापमान खरंच ठीक राहिलं होतं.

“मला सांगायचं होतंस.”

“तुमच्या वहीत लिहिलेलं होतं,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी शैलजाबाईंचा फोन एका झटक्यात शंभर झाला.

त्यांनी मकर संक्रांतीची वाट पाहिली नाही. गुरुवारी सकाळी अकराच्या गाडीने निघाल्या. भांडण नव्हतं, रडारड नव्हती. जयसिंगरावांनी निळी बॅग माळ्यावरून काढून दिली आणि रिक्षापर्यंत नेली. त्यांना पुष्कळ बोलायचं होतं, तोंडातून एवढंच निघालं, “फोन राहिला तुझा.”

“तो तुमचाच आहे. उज्ज्वलाचा जुना आहे माझ्याकडे.”

“त्याची बॅटरी गेलेली असेल.”

“अर्ध्या दिवसात संपते,” शैलजाबाई म्हणाल्या. “चालेल मला.”

रिक्षा वळणावरून दिसेनाशी झाल्यावर ते घरात आले. सवयीने चहा टाकला, दोन कपांचा झाला. एक प्यायले, दुसरा तसाच ओट्यावर राहिला. डबे सगळे जागच्या जागी होते, तुरीचा, हरभऱ्याचा, हिंगाचाही. मग त्यांना एक गोष्ट सुचली आणि ते जवळजवळ धावतच फळीपाशी गेले. या घरात आता आपल्यालाही जास्त दिवस काढायचे नसतील, त्या चिपला काही कळत असेल तर ते कळलंच असेल. सकाळच्या धांदलीत त्यांचा फोन लावायचा राहिला होता. त्यांनी कव्हर न काढता तो तसाच लावला आणि समोर खुर्ची ओढून बसले.

पाऊण तासाने फोन ऐंशीवर आला आणि थांबला.

त्यांनी वायर काढली नाही. दुपार झाली. ते उठून घरभर मुद्दाम पाय ओढत चालून आले, परत बसले. वैशाली डोकावून ‘काकू दिसत नाहीत’ म्हणाली, तिला काहीतरी उत्तर दिलं. उन्हं उतरली, घाटावर जायची वेळ आली आणि टळली. फोन ऐंशीवरच होता. त्यांचं चालणं, त्यांचा दम, त्यांची झोप, त्यांचा आवाज, सगळं तपासून त्या चिपने हिशेब केला होता. किती वर्षं ते तिने सांगितलं नाही, पण बॅटरी जपून ठेवावी एवढी तरी होती.

जयसिंगरावांनी पेन उचललं आणि वहीत तारीख घातली. आपल्या रकान्यात शेवट ८० असं लिहिलं. शेजारचा रकाना शैलजाबाईंचा होता, तो त्यांनी कोरा सोडला.